उधारीच्या वहीतला कागद

माझं गावात कृषी केंद्र आहे. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं पाचएकशे उंबऱ्यांचं गाव. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, अलीकडे सोयाबीन. दुकानात माणूस येतो तो बहुधा खिशात पान घेऊन. पान काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "पाय बरं भाऊ, काय झालं हे." मी पान उलटं करतो, मागच्या शिरा बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि औषध देतो. फक्त लाल्या दिसला की थांबतो. कपाशीचं पान लाल पडतं ते मॅग्नेशियम कमी झालं म्हणून, नत्र कमी पडलं म्हणून, तुडतुड्यांनी रस ओढला म्हणून, नाहीतर रात्रीची थंडी एकदम वाढली म्हणूनही. पान सारखंच लाल. कारण शेतात गेल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाला हे ऐकायला आवडत नाही, त्याला बाटली हवी असते.

हे शहाणपण मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना वाटत आलो. माझ्या घरात असंच एक लाल पान आलं तेव्हा मी ते घडी करून उधारीच्या वहीत घातलं आणि वही वरच्या फळीवर टाकली.

लग्न २०११ चं. पुढच्याच वर्षी दिवस गेले. (गर्भ राहिला की आपण 'दिवस गेले' म्हणतो. तो गेला की काय म्हणायचं, याला मात्र धड शब्द नाही. बायका 'टिकलं नाही' म्हणतात, माणसं काहीच म्हणत नाहीत.) अडीच महिन्यांत ते टिकलं नाही. पिशवी साफ करावी लागली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मनाला लावून घेऊ नका. ते बरोबर होते. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. त्यात आईचा दोष नसतो, पपईचा नसतो आणि स्कूटीचाही नसतो. आमच्याकडे या तिन्हींवर खापर फुटलं.

दुसऱ्यांदा २०१४ मध्ये. या वेळी लवकर नाव नोंदवलं, रक्त दिलं. नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन, शुगर, सिकलसेल, एचआयव्ही यांच्यासोबत व्हीडीआरएल नावाची एक तपासणी होते. गरोदर बाईला सिफिलिस आहे का, हे बघायची. जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची. आठ दिवसांनी सिस्टरनं बाहेर बोलावलं. बायकोला नाही, मला. कागदावर छापलं होतं: रिअ‍ॅक्टिव्ह, १:४. (म्हणजे पॉझिटिव्ह, चारपट पातळ केलेल्या रक्तातही.) "तुमचीही करावी लागन," ती हळू आवाजात म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पक्की तपासणी वेगळी असते, टीपीएचए. त्यासाठी रक्त बाहेर पाठवलं. ते यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

बियाण्याच्या कंपन्यांच्या मीटिंगांसाठी मी नागपूरला जात असे. कंपनी हॉटेल द्यायची, मुक्काम पडायचा. तिसऱ्या रात्री बायकोनं अंधारात विचारलं, "नागपूरले मुक्काम करत होते ना तुमी?" एवढंच. मी संतापलो. आवाज चढवता येत नव्हता, भिंतीपलीकडे आई झोपली होती. संतापलो, कारण मी काही केलं नव्हतं. आणि त्याहून मोठं कारण हे की आदल्या रात्री मी तिच्याबद्दल हाच हिशेब मांडून बसलो होतो. लग्नाआधी ती वर्ध्याला डी.एड. करत होती, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहायची. एवढ्याच भांडवलावर मी रात्रभर जागलो. माणूस स्वतःला सुधारलेला समजतो, वर्तमानपत्र वाचतो, सासरकडून हुंडा न घेतल्याचं अधूनमधून सांगतो. आणि एका छापील ओळीनं त्याच्या डोक्यातला सगळा गाळ वर येतो.

माझा रिपोर्ट आधी आला. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. मला हायसं वाटलं आणि तिचं तोंड उतरलं. संशय घ्यायला आता घरात एकच माणूस उरलं होतं.

मग तिची टीपीएचए आली. निगेटिव्ह. रोग नाहीच. आधीची ती खोटी पॉझिटिव्ह, असं होतं कधी कधी, घाबरायचं काम नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. मग पॉझिटिव्ह आली तरी कशी, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला तो कागद डोळ्यांपुढून हटवायचा होता. फाइलमधून काढला आणि दुकानात नेला. पंधरा दिवसांनी, नवव्या आठवड्यात, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत.

तिसऱ्या वेळी, २०१६ मध्ये, मी नोंदणी तालुक्याच्या बाहेर एका खाजगी दवाखान्यात केली. तपासण्यांची यादी हातात आली तेव्हा लॅबवाल्याला मीच म्हणालो, "व्हीडीआरएल राहू द्या, मागच्या वेळी केली." त्यानं खूण केलेली ओळ खोडली. काम एवढं सोपं होतं.

तीन महिने पार झाले, चार झाले. आईनं गिरडच्या दर्ग्यावर नवस बोलला. आमच्या भागात फरीदबाबांची टेकडी सगळ्यांची आहे, त्यात माळकरीही आले आणि आईही आली. तिथं गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांच्या नारळांचे ते दगड झाले, अशी गोष्ट सांगतात. वडिलांनी सुताराकडून सागाचा हातभर नंदी करून घेतला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, घेतात.

पोळ्याच्या आठ दिवस आधी, पाचव्या महिन्यात, सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. वाढ आधीच थांबली होती. कळा आणवून तिला मोकळं करावं लागलं. मुलगा होता.

तान्ह्या पोळ्याला आईनं तिला आत पडून राहायला सांगितलं. ती ऐकली नाही, परातीत सुटे पैसे घेऊन दारात बसली. पोरं आली, बैल नाचवून गेली. दोन घरची आली नाहीत. आमच्या गावात अशा गोष्टी कोणी तोंडानं बोलत नाही, फक्त पोरं मोजली की समजतं.

नागपूरच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही त्यानंतर गेलो. त्यांनी फाइल पुढून मागे आणि मागून पुढे पाहिली. मग विचारलं, "आधी कुठली तपासणी पॉझिटिव्ह आली होती का? कुठलीही." मी म्हणालो, नाही.

बायको म्हणाली, "व्हीडीआरएल आली होती मॅडम. दोन हजार चौदाच्या जुलैमध्ये. एकास चार. नंतरची निगेटिव्ह होती."

मला वाटत होतं ती ते विसरली आहे, निदान विसरायचं ठरवून बसली आहे. तिनं तो आकडा वजनकाट्यावरून वाचावा तसा सांगितला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कागद कुठे आहे?"

"यांच्याजवळ असन," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पुढचं मी थोडं डॉक्टरांकडून, थोडं नंतर वाचून शिकलो. व्हीडीआरएल ही तपासणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. या जातीची पहिली तपासणी १९०६ मध्ये जर्मनीत वासरमान यांनी काढली, ती सिफिलिसनं दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरून. पुढे लक्षात आलं की चांगल्या धडधाकट बैलाच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो. त्यातला कामाचा पदार्थ अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये वेगळा काढला. तो एक स्निग्ध पदार्थ. हृदयातून निघाला म्हणून नाव कार्डिओलिपिन. व्हीडीआरएलच्या द्रावणात तोच असतो. म्हणजे आमच्या त्या कागदाचं म्हणणं इतकंच होतं की या बाईच्या रक्तात कार्डिओलिपिनला धरणारं काहीतरी आहे. सिफिलिसमध्ये ते असतं. मलेरियात, क्षयात, कुष्ठरोगात असू शकतं, एखाद्या तापानंतर चार दिवस येऊन जातं, कधी कारणाशिवाय नुसत्या गरोदरपणातही दिसतं. आणि काही जणींचं शरीर ते कायमचं बनवत राहतं, स्वतःच्याच विरुद्ध. पान सारखंच लाल.

स्वतःच्याच शरीराशी वैर धरणाऱ्या या अँटिबॉडी, रक्ताच्या गुठळ्या आणि वारंवार जाणारे गर्भ यांची सांगड लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये नीट घातली. आज त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी एपीएस. ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा जातात अशा शंभर बायकांत साधारण पंधरा जणींत या अँटिबॉडी सापडतात. बघायच्या तपासण्या तीन: कार्डिओलिपिनची, बीटा-टू ग्लायकोप्रोटीनची आणि तिसरी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. या तिसरीच्या नावातले दोन्ही शब्द फसवे आहेत. ही पॉझिटिव्ह आलेल्या बाईला ल्युपस नावाचा आजार असायलाच हवा असं नाही, माझ्या बायकोला तो नाही. आणि अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं. काचेच्या नळीत खरंच रक्त गोठायला उशीर होतो, म्हणून हे नाव पडलं. अंगात मात्र नेमकं उलटं, रक्त लवकर गोठतं. नाव ठेवायची घाई फक्त आमच्या गावातच होते असं नाही.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, म्हणजे ठिबकच्या नळीत क्षार बसतो आणि झाडाला पाणी पोचत नाही, तसं का? वारेत (प्लासेंटात) गुठळी आणि बाळाला रक्त नाही? त्या हसल्या. म्हणाल्या, बरीच वर्षं आम्हीही एवढंच समजत होतो. पण पुष्कळ वेळा गुठळी दिसतच नाही. या अँटिबॉडी वारेच्या पेशींनाच चिकटतात, त्यांना पिशवीत मूळ धरू देत नाहीत, तिथं दाह पेटवतात. नळी बुजते तेही खरं आणि मूळच नीट रुजत नाही तेही खरं.

घरी आल्यावर मी दुकान उघडलं, फळीवरून २०१४ ची वही काढली. बायको मागोमाग आली होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं घडी सरळ केली, वाचला, फाइलला पंच मारला आणि तारखेप्रमाणे जिथं असायला हवा होता तिथं लावला. काही बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तो कागद फाइलमध्येच असता तर तिसरं वाचलं असतं का? मी हा हिशेब अनेकदा केला. दोन गर्भ गेले तेव्हा आमच्याकडे सहसा कोणी या तपासण्या करत नसे, आणि १:४ सारखी खोटी पॉझिटिव्ह पुष्कळ गरोदर बायकांत काही न होता निघून जाते. तेव्हा कदाचित काहीच बदललं नसतं. पण लॅबवाल्याच्या यादीतली ती ओळ मीच खोडायला लावली होती. ती कदाचितच्या खात्यात टाकता येत नाही.

एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही. किमान बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी लागते, कारण तापाबिपानं आलेल्या अँटिबॉडी तोवर निघून जातात. ज्या राहतात त्या खऱ्या. पहिलं रक्त दसऱ्याच्या सुमारास दिलं. दुसरं संक्रांतीनंतर द्यायचं होतं. मध्ये नोटबंदी आली. कापसाचे चुकारे अडकले, लोक जुन्या नोटा घेऊन उधारी फेडायला आले, माझ्या गल्ल्यात पैसा होता आणि नव्हताही. नागपूरच्या लॅबचे पैसे बायकोनं भिशीतून दिले. दुसरा रिपोर्ट आला: तिन्ही तपासण्यांपैकी दोन ठळक पॉझिटिव्ह. माणसाला वाईट बातमीनं बरं वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "म्हणजे हाय तर काहीतरी. मले वाटे मीच कमी पडून राह्यली."

इलाजाची गोष्ट ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं. अ‍ॅस्पिरिनची ७५ ची गोळी आणि पोटात रोज एक हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, सुई. लंडनमधल्या, १९९७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अशा ९० बायकांची दोन सारखी वाटणी करून पाहिलं गेलं. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवरच्या ४५ पैकी १९ जणींना मूल झालं, दोन्ही घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना. नंतरच्या काही अभ्यासांत फरक इतका ठळक निघाला नाही, तरी उपचाराची मुख्य वाट हीच राहिली. दोन्ही घेऊनही १३ जणींची ओंजळ रिकामी राहिली होती, हा आकडा मी बायकोला सांगितला नाही. तिनं तो मोबाइलवर स्वतःच वाचला होता.

हेपरिन हे नाव यकृताच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. १९१६ मध्ये जे मॅकलीन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला तो पदार्थ कुत्र्याच्या यकृतात दिसला. हल्ली ते डुकराच्या आतड्यापासून काढतात. माझी आई गळ्यात तुळशीची माळ घालते, कांदा-लसूण खात नाही. रोज संध्याकाळी सुई टोचायच्या वेळी देवापुढे दिवा लावून "विठ्ठला, सुईले यश दे" म्हणायची. तिला सुई कशाची हे मी सांगितलं नाही, आणि कागद लपवल्याची जशी लाज वाटते तशी या लपवण्याची वाटत नाही.

दिवस राहिले ते २०१७ च्या शेवटी. ते वर्ष आमच्याकडे कोणी विसरणार नाही. गुलाबी बोंडअळीनं बोंडच्या बोंडं आतून खाल्ली, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, कृषी केंद्रांच्या तपासण्या सुरू झाल्या. माझी निम्मी उधारी बुडाली. आणि घरी रोज एक सुई, जिची किंमत बाईच्या दिवसभराच्या मजुरीहून जास्त. सासऱ्यांनी एक बैलजोडी विकली. त्यावर मी इथं फार लिहिणार नाही.

सहाव्या आठवड्यात ठोके दिसले त्या दिवशी पहिली सुई. मी जनावरांना इंजेक्शन देतो, गावात त्यासाठी मला बोलावतात; बायकोच्या पोटाची चिमूट धरली तर हात थरथरला. तीनदा मी टोचली. चौथ्या दिवशी तिनं सुई माझ्या हातातून घेतली, म्हणाली, "तुमी कापूस धरा." मग मी कापूस धरत गेलो. पोटावर हिरवे-जांभळे डाग पडायचे, ती एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे टोचायची. हेपरिनचा रेणू मोठा असतो, तो वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. हे वाक्य ती सुरुवातीला सुई टोचताना मनाशी म्हणायची.

एप्रिल-मे आला. पारा पंचेचाळीसच्या पुढे. या सुयांना फ्रिज लागत नाही, पण तापू द्यायच्या नाहीत आणि गोठूही द्यायच्या नाहीत. आमचा फ्रिज एकतर लाइट नसल्यानं बंद, नाहीतर असला की सगळ्याचा बर्फ करणारा. वडिलांनी जुना माठ धुतला, खाली ओली रेती, रेतीवर स्टीलचा डबा, डब्यात सुया, वरून ओलं पोतं. दिवसातून तीनदा ते पोतं भिजवायचे. नंदी त्यांनी माळ्यावर टाकला होता. त्याबद्दल बोलायचे नाहीत, पोतं भिजवायचे.

गावात बातमी लपत नाही. लोक दुकानात येऊन सुईचं नाव विचारू लागले. आमच्या सुनेला द्यायचं, दोनदा खराब झालं. मी सांगतो, तपासणीत या अँटिबॉडी नसतील तर नुसतं गर्भ टिकावा म्हणून ही सुई घेऊन उपयोग नाही, अभ्यासांत तसा फायदा दिसलेला नाही, उलट विनाकारण रक्त पातळ होईल. कीड नसताना फवारणी. हे माझ्या गिऱ्हाइकांना पटकन कळतं, जरी स्वतःच्या शेतात ते उलटंच करतात. कृषी केंद्रवाल्यानं बाईमाणसाच्या औषधाबद्दल बोलावं हे कोणाकोणाला खटकतं. खटको.

सदतिसाव्या आठवड्यात, २०१८ च्या जुलैमध्ये, पेरण्या आटोपल्या होत्या. आदल्या दिवसापासून सुई बंद करून कळा आणवल्या. मुलगी. दोन किलो तीनशे ग्रॅम. आई गिरडला नवस फेडायला गेली, टेकडी चढली, आणि येताना जायफळाएवढा एक दगड घेऊन आली.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे सुया होत्या, कारण त्या दिवसांत आईच्याच पायात, फुप्फुसात गुठळी व्हायचा धोका वाढतो. सगळ्या मिळून अडीचशेच्या वर झाल्या. वापरलेल्या सुया आम्ही पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये, झाकणाला भोक पाडून, टाकत गेलो होतो. (माझ्या दुकानातला नव्हे, फिनाइलचा.) शेवटची टोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीच्या लसीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं होतं. कॅन तिथं द्यायला सोबत घेतला.

रांगेत पंधरा-वीस बाया होत्या. टेबलाशी तीच सिस्टर होती, आता थोडी जाड झालेली. तिनं कॅन हलवून पाहिला, आत खुळखुळ वाजलं. "एवढ्या? घरी शुगर आहे का कोणाले?"

मी पुढे होऊन हळूच काहीतरी सांगणार होतो. बायकोनं पोरगी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शुगर नाई सिस्टर. माह्या रक्तात अँटिबॉडी हायेत, गर्भ टिकू देत नाईत. अन माही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येते, ते खोटं असते. कार्डावर लिहून ठेवा, पुढच्या खेपेला कोणी यायले बाहेर बोलावून नको सांगायले."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तिनं कार्ड ओढलं आणि लिहायला लागली. रांगेतली एक म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "मंग पोट्टी बरी हाय ना वं?"

"बरी हाय," बायको म्हणाली. "भूक लागली तिले."

लस टोचून होईपर्यंत अकरा वाजले. युरियाची गाडी येणार होती, दुकानाची किल्ली माझ्याच खिशात होती.